तिच्या ताटात काय होते?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरात गोड बातमी कळली की दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांना सुरुवात होते. पपईला हात लावू नकोस. अननस नको. तीळ उष्ण, बाजरी उष्ण. जोडकेळे खाल्लेस तर जुळी होतील. दुधात केशर घे, मूल गोरे निपजेल. शेवटच्या दोन महिन्यांत पोटभर जेवू नकोस, मूल अंगाने मोठे झाले तर सुटका जड जाईल. आई एक सांगते, सासू दुसरे, शेजारीण तिसरे आणि पहिलटकरीण बिचारी प्रत्येक घासाला दचकते. आमच्या मुसलमान घरांत भाषा थोडी वेगळी, 'यह गरम है, वह बादी है' अशी. पण यादी जवळपास तीच. या एका बाबतीत आपल्या सगळ्या समाजांत फार पूर्वीपासून एकोपा आहे!

या सल्ल्यांचा सगळा रोख 'काय खाऊ नये' याकडे असतो. तिच्या ताटात मुळात पडते काय, हे सहसा कोणी विचारत नाही. हा दुसरा प्रश्न नीट विचारला गेला आणि त्याचे उत्तर साऱ्या जगाच्या उपयोगी पडले, ते आपल्या मुंबईत. त्याला आता शंभर वर्षे होत आली. मी कविता लिहिणारी बाई, डॉक्टर नव्हे. पथ्यपाणी तुमच्या डॉक्टरांनी सांगायचे. मला सांगायची आहे ती त्या प्रश्नाची हकिकत, कारण ती ज्या बायकांच्या जिवावर उभी आहे, त्यांच्यात माझ्या समाजातल्या गरीब बायका पुष्कळ होत्या.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी गर्भिणीच्या आहाराकडे दुर्लक्ष केले, असे मात्र कोणी म्हणू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यांनुसार आहार दिला आहे. पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात दुधाबरोबर मध आणि तूप, चौथ्यात दुधातून काढलेले लोणी, पाचव्यात तूप. आपला 'डोहाळे' हा शब्दही त्याच परंपरेतला. गर्भवतीला दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक बाळाचे. म्हणून तिची इच्छा ही दोघांची इच्छा, ती पुरवली पाहिजे, असा त्यामागचा विचार. हिंदू घरांत डोहाळजेवण होते, आमच्याकडे सातव्या महिन्यात सतवासा होतो, ओटीत फळे आणि मेवा पडतो. हे सारे सुंदर आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे घरात दुभते जनावर आहे, तूप आहे, मेवा आणायला पैसे आहेत. ज्या घरात यातले काहीच नाही, तिथल्या गर्भवतीने काय खायचे, याचे उत्तर त्या सोहळ्यांत मिळत नाही.

आता १९२८ सालच्या मुंबईत जाऊ. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाचे हे शहर. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, तब्बल सहा महिने, कापड गिरण्यांचा संप चालला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा लाभ देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी, १९२९मध्ये, मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातला पहिला कायदा. बाळंतपणात बायका मोठ्या संख्येने मरतात, हे राज्यकर्त्यांच्याही नजरेत भरू लागले होते.

या मृत्यूंच्या चौकशीसाठी जे संशोधन हाती घेतले गेले, त्यात डॉ. मार्गारेट बाल्फोर यांचा पुढाकार होता. त्यांनी लंडनहून एका बाईंना बोलावून घेतले. त्यांचे नाव डॉ. ल्यूसी विल्स. जन्म १८८८चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेल्या, नंतर डॉक्टर झालेल्या. १९२८मध्ये त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. एके काळी तिथे गव्हर्नरचा बंगला होता, पुढे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली आणि आता गरोदर बायकांच्या रक्ताच्या नळ्या येऊ लागल्या.

प्रश्न असा होता. गरोदरपणात काही बायकांचे रक्त झपाट्याने कमी होई. चेहरा पांढराफटक, धाप, पायांवर सूज आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आगेमागे मृत्यू. लोह कमी पडल्यावर होणारा पंडुरोग डॉक्टरांना माहीत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. एखाद्या जंतूचे हे काम असावे, अशी शंका होती. विल्सबाईंनी आधी त्या दिशेने शोध घेतला. मल, मूत्र, रक्त, सगळे तपासले. हाती काही लागले नाही.

मग त्या बायकांच्या घराकडे वळल्या. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. ती १९३०मध्ये प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या थरांतल्या, निरनिराळ्या जातिधर्मांच्या बायका काय खातात आणि त्यांच्यापैकी कोणाला हा आजार होतो, हे ताडून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ज्यांचे जेवण सर्वांत निकस, त्यांच्यात हा आजार सर्वांत जास्त. आणि या दोन्ही बाबतींत सगळ्यांच्या पुढे होत्या त्या गरीब मुसलमान बायका.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या एका वाक्यापाशी थांबले. मुसलमान म्हणजे मांस खाणारे आणि मांस खाणारे म्हणजे धडधाकट, असा एक समज आपल्याकडे आजही आहे. पण मांस खाणाऱ्या समाजात जन्मणे वेगळे आणि ताटात मांस पडणे वेगळे. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या गरीब घरांत गोश्त आठवड्यातून एखाद्या वेळी शिजायचे. दस्तरखानावर आधी पुरुष बसत, मग मुले, सर्वांत शेवटी बायका. बोटी पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याला जात. बायकांपर्यंत पोचायचा तो शोरबा, आणि तो संपला असेल तर चहात बुडवलेला पाव. भाजी म्हणजे बटाटा. हिरवा पाला फारसा घरात येत नसे आणि आलाच तर शिजून शिजून काळा पडे. हे एकट्या आमच्या घरांचे नाही. शेजारच्या मराठी बाईचेही तेच होते. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर ती टोपल्यातली उरलेली भाकरी आणि भाजीचे खरकटे पातेले घेऊन चुलीपाशी बसे. सात महिन्यांची पोटुशी असली तरी तिची जागा तीच, पाळी तीच.

विल्सबाईंनी हे ताटच प्रयोगशाळेत नेले. गरीब मुसलमान बायकांच्या आहारासारखा आहार त्यांनी पांढऱ्या उंदरांना दिला. गाभण माद्यांना पंडुरोग झाला आणि त्या विण्याआधीच मेल्या. त्याच आहारात यीस्ट मिसळल्यावर त्या वाचल्या. शोध इतका सरळ मात्र गेला नाही. उंदरांच्या आजारात उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता, असे पुढे कळले. मग माकडांवर प्रयोग झाले. मधल्या काळात, १९२९मध्ये, त्यांनी काही महिने दक्षिणेत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही काम केले. माकडांना निकस आहार दिला तेव्हा तोच आजार झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला.

हा अर्क म्हणजे 'मार्माइट'. बीअर तयार करताना तळाशी जे यीस्ट उरते, त्यापासून इंग्लंडमध्ये १९०२पासून तयार होणारा, पावावर लावून खायचा, काळाकुट्ट, खारट, चिकट पदार्थ. गरिबाच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे तो स्वस्त होता. त्या काळी घातक पंडुरोगावर प्राण्यांच्या यकृताचा उपचार नुकताच सापडला होता, पण यकृत आणि त्याचे अर्क महाग. विल्सबाईंनी हा मार्माइट आजारी गर्भवतींना दिला. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, बायका उठून बसल्या. १९३१मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी हे जगाला सांगितले. यीस्टमध्ये नेमके काय आहे, ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्या अज्ञात घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

त्या घटकाचे खरे नाव कळायला आणखी दहा वर्षे जावी लागली. १९४१मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक द्रव्य चिमूटभर वेगळे काढले आणि त्याला 'फॉलिक ॲसिड' म्हटले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. मुंबईतल्या बायकांच्या ताटात जे नव्हते, त्याचे नावच 'पान' निघावे! १९४५मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकी चमूचे प्रमुख होते यल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. त्यांचे भाऊ 'स्प्रू' नावाच्या आतड्याच्या आजाराने गेले होते; त्या आजारावरही हेच औषध लागू पडते.

शरीरात नवी पेशी तयार व्हायची तर हे द्रव्य लागते. गरोदरपणी आईचे रक्त वाढते, गर्भाची वाढ होते, गर्भाशय वाढते; म्हणजे कोट्यवधी नव्या पेशी. साठा तोकडा असेल तर आईचे रक्त आधी खंगते. याच्या पुढचा टप्पा १९९१चा. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या एका चाचणीत असे दिसले, की ज्या बायकांच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग होते, त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर पुढच्या बाळाला ते व्यंग होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. 'आधीपासून' हा शब्द इथे महत्त्वाचा. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तेव्हा कित्येकींना आपण आई होणार हे माहीतही नसते. डोहाळजेवण येईपर्यंत हे काम केव्हाच होऊन गेलेले असते.

भारतात १९७०पासून गर्भवतींना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत, दवाखान्यात मिळणाऱ्या त्या लाल गोळीत परळच्या संशोधनाचा अंश आहे. आता ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. पुष्कळजणी ती फेकून देतात. मळमळते, शौचाला काळी होते, मूल काळे होईल अशी भीती वाटते. मूल काळे होत नाही. मळमळत असेल तर आरोग्यसेविकेला विचारून वेळ बदलावी, गोळी बंद करू नये.

मग घरातल्या त्या लांबलचक यादीचे काय? तिच्यात थोडे तथ्य आहे, बरीच भीती आहे. पपईचेच घ्या. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात पिकलेल्या पपईने काही अपाय झाला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशय आकुंचन पावले. म्हणजे कच्ची पपई टाळणे योग्य, पिकलेल्या फोडीला घाबरण्याचे कारण नाही. आमच्याकडे गर्भवतीला हौसेने कलेजी खाऊ घालतात. कलेजीत लोह आणि फोलेट दोन्ही असतात, पण 'अ' जीवनसत्त्वही फार असते आणि त्याचा अतिरेक गर्भाला बाधतो, म्हणून ब्रिटनमध्ये १९९०पासून गर्भवतींना ती टाळायला सांगतात. चहा बंद करायला नको. पण जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, म्हणून मध्ये तासाभराचे अंतर हवे. उलट भाजीवर पिळलेले लिंबू लोह शोषायला मदत करते. दूध उकळून, अंडे आणि मांस पूर्ण शिजवून, पाणी स्वच्छ, उघड्यावर कापून ठेवलेली फळे नकोत. दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही.

दोन गोष्टी मात्र कोणाच्याच यादीत नसतात. एक, मशेरी. बाई मशेरी लावते, त्यावर घरात कोणी आक्षेप घेत नाही, कारण ती 'खाणे' नव्हे. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गर्भवतींच्या अभ्यासात, जो २००४मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की मशेरीसारखी धूररहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मतात. दुसरी, माती. भाजलेली माती, खडू, चुलीचा पोपडा खावासा वाटणे याला आपण डोहाळे म्हणून हसतो. पुष्कळदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. तिथे हसण्याऐवजी रक्त तपासून घ्यावे.

आणि एक आमच्या घरांतल्या मुलींसाठी. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोजे पुढे ढकलण्याची मुभा इस्लामी शास्त्राने दिलेली आहे. मुभा शास्त्राने दिली आणि शेजारणीच्या नजरेने काढून घेतली, असे होऊ देऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच हे तिला आपणहून सांगावे.

विल्सबाईंचा प्रश्न आपल्याकडे पुढेही विचारला गेला, ही समाधानाची गोष्ट. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या बायका. बाळाचे वजन त्या किती खातात यापेक्षा काय खातात यावर अवलंबून असल्याचे दिसले. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या पोटात वरचेवर जात होते, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. याच अभ्यासातून पुढे हेही कळले, की एकट्या फॉलिक ॲसिडने भागत नाही. आईच्या अंगात फोलेट भरपूर पण 'बी-१२' कमी असेल, तर मुलांमध्ये मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे जास्त दिसतात. 'बी-१२' मिळते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून.

मग २००६पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'सरस' नावाचा प्रकल्प झाला. साडेसहा हजार बायकांनी त्यात भाग घेतला. काहींना रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला, काहींना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण ज्या बायका गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खात होत्या, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. पालेभाजीच्या गटात गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. हे आकडे छोटे वाटतील, पण त्यांचा अर्थ मोठा आहे. गर्भवतीला खाऊ घालण्याची वेळ ती गर्भवती होण्याआधी सुरू होते. ती सून होण्याआधी, मुलगी असतानाच.

आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९ ते २०२१ या काळात नोंदवले, की देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना पंडुरोग आहे. दोघींमागे एक. औषध सापडून नव्वद वर्षे झाल्यावर. आता आपल्याला फोलेट माहीत आहे, लोह माहीत आहे, गोळी फुकट मिळते. मेथी, चवळी, शेवग्याचा पाला, मसूर, हरभरे, शेंगदाणे यांतले काहीच परदेशातून आणावे लागत नाही. अडचण बाजारात जेवढी आहे, तेवढीच पंगतीच्या क्रमातही आहे. म्हणून महाराष्ट्राने २०१५मध्ये आदिवासी भागांत अमृत आहार योजना सुरू केली, तेव्हा शिधा घरी पाठवण्याऐवजी गर्भवतीला अंगणवाडीत बसवून गरम जेवण द्यायचे ठरवले. घरी गेलेला शिधा घराचा होतो. तिथे बसून खाल्लेला घास तिचा होतो.

परळच्या त्या नोंदींमध्ये बायकांचा धर्म आहे, थर आहे, रक्ताचे मोजमाप आहे. त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. ल्यूसी विल्स १९६४मध्ये वारल्या. त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले आणि ते योग्यच झाले. त्या बायकांसाठी आपल्याला करता येण्यासारखे एकच आहे. घरात कोणी गर्भवती असेल, तर 'हे खाऊ नकोस' असे तिला सांगण्याआधी 'आज काय जेवलीस?' असे विचारावे. आणि घरात सगळ्यांत आधी पान मांडावे ते तिचे.